सॉफ्टवेअर बनवून घ्यायचे आहे? स्क्रम, एक्सपी आणि कानबानचा व्यापारी हिशेब

भोसरी एमआयडीसीत प्रेसपार्ट बनवणारे माझे एक जुने दोस्त आहेत. त्यांच्या कामगारांच्या गणवेशाचे कापड गेली कित्येक वर्षे माझ्या दुकानातून जाते. मागील महिन्यात हिशेब मिटवायला गेलो असता त्यांनी चहा मागवला आणि दोन कोटेशने माझ्यापुढे ठेवली. दोन्ही सॉफ्टवेअरची. चाकणच्या मोटार कंपनीला माल द्यायचा तर त्यांना आता नुसते चलन पुरत नाही. प्रत्येक पेटीवर बारकोडची चिठ्ठी लागते, टेम्पो आपल्या फाटकातून निघाला की कंपनीच्या संगणकावर आगाऊ सूचना जावी लागते, आणि चिठ्ठी चुकली तर टेम्पो तिकडे ताटकळत उभा राहतो. हे सर्व काम आजवर त्यांचा सुपरवायझर एक्सेलच्या तक्त्यात भरत आला आहे.

पहिल्या कोटेशनात ठोक रक्कम होती, आठ महिन्यांची मुदत आणि निम्मे पैसे आगाऊ. दुसऱ्यात ठोक रक्कमच नव्हती. चार माणसांचा दरमहा आकार लिहिला होता आणि वर ठळक अक्षरांत ‘अ‍ॅजाइल पद्धत, स्क्रमद्वारे’. काम कधी संपेल याचा उल्लेख कोठेही नाही. दोस्त म्हणाले, “भाईसाहेब, तुम्ही दोनदा या रस्त्याने गेला आहात. यातले कोणते घेऊ? एक म्हणतो सगळे आधी लिहून द्या, दुसरा म्हणतो लिहून द्यायची गरजच नाही.”

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, 1999 मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला आल्या, पाठोपाठ महिंद्र. या मोठ्या झाडांच्या सावलीत भोसरी, तळवडे, कुदळवाडी, म्हाळुंगे येथे हजारो छोटे कारखाने जगतात. आणि याच पट्ट्याला लागून हिंजवडीचे आयटी पार्क आहे, जेथून साऱ्या दुनियेला सॉफ्टवेअर जाते. म्हणजे पलीकडच्या गल्लीत माल तयार होतो, पण तो कसा विकत घ्यावा हे अलीकडच्या गल्लीला ठाऊक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जाड वही आणि धबधबा

आधी माझा पहिला तजुर्बा सांगतो. 2016 साली मी दुकानासाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचे ठरवले. एका पार्टीकडून दोन तरुण आले. ताग्यांचा साठा, कापाचा हिशेब, उधारी, कारखानावार गणवेशाची मापे, सर्व त्यांनी महिनाभर बसून एका जाड वहीत उतरवून घेतले. पानापानावर माझी सही. वहीबाहेरचे काही मागितले तर जादा पैसे, अशी अट. मला ती पसंत पडली, कारण आपल्या धंद्यातही सौदा लेखी असावा हाच शिरस्ता. निम्मी रक्कम दिली आणि सात महिन्यांनी या म्हणून निश्चिंत झालो.

मधल्या काळात त्यांनी मला काही दाखवले नाही आणि मीही काही विचारले नाही. सात महिन्यांचे वर्ष होत आले आणि 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला. तोपर्यंत आपल्याकडे कापडाच्या ताग्यावर विक्रीकर नव्हता, म्हणून माझ्या वहीत कापडासमोर कराचा रकानाच नव्हता. आता कापडाला पाच टक्के लागले, मालाचा सांकेतिक क्रमांक आला, महिन्याचे विवरणपत्र आले. ऑगस्टमध्ये सॉफ्टवेअर बसवले गेले. अगदी वहीबरहुकूम. बिल फाडले तर त्यावर कर लागेना. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी वही उघडून माझीच सही दाखवली आणि दुरुस्तीसाठी मूळ रकमेच्या जवळपास अर्ध्या रकमेचा नवा आकडा सांगितला. भांडलो खूप, पण रात्री शांतपणे विचार केला तेव्हा कबूल करावे लागले की करारात ते बरोबर होते. करारच चुकीचा होता. ते सॉफ्टवेअर मी तीन महिने कसेबसे वापरले आणि बंद केले.

ज्या पद्धतीने ते काम झाले तिला या क्षेत्रात वॉटरफॉल, म्हणजे धबधबा म्हणतात. आधी सर्व मागण्या लिहायच्या, मग नकाशा, मग बांधणी, मग तपासणी, मग गिऱ्हाइकाच्या हाती. पाणी एका पायरीवरून दुसरीवर पडते, वर चढत नाही. गंमत अशी की ज्या विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या लेखाला या पद्धतीचे मूळ मानले जाते, त्या लेखात धबधबा हा शब्द नाही, आणि सरळ एका रेषेत काम करणे धोक्याचे आहे असे त्यांनी त्यातच बजावले होते. लोकांनी चित्र उचलले आणि इशारा तेथेच सोडला.

या धबधब्याला कंटाळलेले 17 जण फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातील स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी जमले. प्रत्येकाची स्वतःची पद्धत होती, स्वतःचा झेंडा होता. तरी त्यांनी मिळून एक छोटा जाहीरनामा काढला आणि त्याला अ‍ॅजाइल, म्हणजे चपळ, असे नाव दिले. आशय थोडक्यात असा की कागदांच्या ढिगापेक्षा चालते सॉफ्टवेअर मोलाचे, कराराच्या कीस काढण्यापेक्षा गिऱ्हाइकाशी बसून काम करणे मोलाचे, आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदल पेलणे मोलाचे. कागद, करार व आराखडा टाकून द्या असे त्यांनी म्हटलेले नाही. आपल्याकडे मात्र पुष्कळ जण अ‍ॅजाइलचा अर्थ ‘काही लिहायचे नाही’ असा सोयीस्कर लावतात. माझ्या दोस्ताला मिळालेले दुसरे कोटेशन त्याच वळणाचे होते.

मागावरून निघालेली गोष्ट

अ‍ॅजाइल ही एक पद्धत नव्हे, ती बिरादरी आहे. तिच्यातली तीन भावंडे आपल्या पट्ट्यात जास्त ऐकू येतात: स्क्रम, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ऊर्फ एक्सपी, आणि कानबान. त्यांतल्या कानबानची हकीकत मी मुद्दाम आधी सांगतो, कारण ती आपल्या कापडाच्या धंद्यातून निघाली आहे आणि मला ती कळली तेव्हा छाती थोडी फुगली होती.

आज आपण टोयोटाला मोटारींचा कारखाना म्हणून ओळखतो. या घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोडा हे मागाचे कारागीर. 1924 साली त्यांनी असा स्वयंचलित माग तयार केला की ताण्याचा एक धागा जरी तुटला तरी माग आपोआप थांबे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा माल घेणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. साध्या मागावर उभा धागा तुटला आणि विणकराचे लक्ष नसले की पुढचे मीटरच्या मीटर कापड त्या रेघेसह विणले जाते आणि दोष कळतो तो आमच्या टेबलावर, तागा उलगडल्यावर. टोयोडांच्या मागावर बिघाड जेथल्या तेथे पकडला जाई. या मागाचे हक्क 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. पुढे मुलगा किइचिरो मोटारीकडे वळला. कारखान्यात कानबान रुजवणारे ताइची ओनो हेदेखील 1932 मध्ये टोयोडांच्या सूत-कापड गिरणीतच नोकरीला लागले होते आणि 1943 मध्ये मोटारीच्या कारखान्यात आले.

ओनोंनी पाहिले की प्रत्येक खाते जमेल तितका माल करून पुढच्या खात्याच्या दारात ढीग लावते. त्यांनी उलटी रीत घातली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटात गिऱ्हाईक फळीवरून डबा उचलते आणि मग तेवढाच डबा पुन्हा भरला जातो, तसे पुढच्या खात्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल करायचा नाही. मागणी कळवायची ती एका चिठ्ठीने. त्या चिठ्ठीला जपानीत कानबान म्हणतात. ज्यांनी चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाय ठेवला आहे त्यांनी पेटीला अडकवलेले हे कार्ड पाहिले असेल. पेटी रिकामी झाली की कार्ड मागे जाते, कार्ड आले की नवी पेटी निघते. कार्ड नाही तर काम नाही.

हेच कार्ड मी पुढे हिंजवडीत पाहिले. माझी भाची तेथे एका कंपनीत सॉफ्टवेअरची तपासणी करते. एकदा तिला आणायला गेलो तेव्हा तिने आत नेऊन भिंतीवरचा फळा दाखवला. उभे रकाने होते: करायचे, चालू, तपासणीत, झाले. प्रत्येक कामाची एक रंगीत चिठ्ठी. ‘तपासणीत’ या रकान्यावर 3 असा आकडा लिहिला होता. मी विचारले, “हा काय?” ती म्हणाली, “मामू, येथे तीनच चिठ्ठ्या राहू शकतात. तीन भरल्या तर मागच्यांनी नवे काम सुरू करायचे नाही, मला हात लावायला यायचे.” मी हसलो. आमच्या शिलाई कारखान्यात काजे-बटणवाल्याच्या पुढे अर्धवट शर्टांचा डोंगर पडतो आणि तरी कटर नवे थान फाडतच राहतो, ते आठवले.

सॉफ्टवेअरमध्ये ही रीत आणण्याचे श्रेय डेव्हिड अँडरसन यांच्याकडे जाते, आणि त्याचा पहिला गाजलेला प्रयोग 2004-05 मध्ये झाला तो चक्क हैदराबादच्या टीमवर. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या आयटी खात्यातील दुरुस्तीची कामे ही टीम करी. एखादी मागणी पूर्ण होण्यास पाच महिन्यांच्या आसपास लागत आणि खात्याची बदनामी झाली होती. चौकशी केली तर असे दिसले की टीमचा बराचसा वेळ ‘या कामाला किती दिवस लागतील’ याचे अंदाज देण्यात जातो, आणि अंदाज दिलेल्या कित्येक मागण्या पुढे कोणी उचलतही नाही. ते अंदाज बंद केले, हाती एका वेळी मोजकीच कामे ठेवली, जागा रिकामी झाली की पुढची मागणी आत घेतली. मुदत दोन आठवड्यांवर आली. कोणाला जास्त वेळ राबवले नाही. अँडरसन यांचे कानबानवरील पुस्तक 2010 मध्ये निघाले.

कानबानमध्ये ना पंधरवड्याची मुदत आहे, ना नवी पदे. जे चालले आहे तेथूनच सुरुवात करायची, कामे भिंतीवर दिसू द्यायची, हातातल्या कामांना मर्यादा घालायची. जेथे रोज नवी तक्रार, रोज छोटी दुरुस्ती येते तेथे हे उत्तम. पण ज्याचे काम शून्यापासून उभे करायचे आहे आणि मालकालाच नक्की काय हवे ते माहीत नाही, त्याला नुसती चिठ्ठ्यांची भिंत तारीख देत नाही. तेथे स्क्रमचा उपयोग होतो.

स्क्रम: पंधरवड्याचा बाजार

स्क्रम हा शब्द रग्बी या खेळातला. 1986 साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन वगैरे कंपन्या नवा माल कसा बाजारात आणतात यावर लेख लिहिला. एका खात्याने काम संपवून दुसऱ्याकडे फेकायचे असे न करता, सगळी टोळी चेंडू आपसांत देत एकत्र पुढे सरकते, असे त्यांनी म्हटले. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी त्यावरून सॉफ्टवेअरची पद्धत बसवली आणि 1995 मध्ये ती जगापुढे मांडली. तिचे नियम ते दोघे एका पातळशा पुस्तिकेत देतात. तिची पहिली आवृत्ती 2010 ची आणि नंतरची एक 2020 ची.

नियम फार नाहीत. दहा किंवा त्याहून कमी माणसांची टीम. कामाचे तुकडे महिन्यापेक्षा मोठे नाहीत, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचे. या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. रोज पंधरा मिनिटांची बैठक. तुकडा संपला की चालते सॉफ्टवेअर दाखवायचे, आणि पुढच्या खेपेला काय सुधारायचे यावर आपसांत बोलायचे. सर्वांत महत्त्वाचे पद प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणते काम आधी आणि कोणते मागून हे ठरवणारा एकच माणूस. मंडळ नव्हे, समिती नव्हे.

2021 मध्ये भाचीच्या सांगण्यावरून मी तीन जणांच्या एका छोट्या टीमकडून पुन्हा काम सुरू केले ते या रीतीने. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी फक्त बिल फाडून दाखवले. साठा नाही, उधारी नाही, मापे नाहीत. मला जरा फसवल्यासारखे वाटले, पण सोमवारपासून दुकानात ते बिल चालू झाले. मुनीमजींनी चार दिवसांत सहा खोडी काढल्या, त्या पुढच्या पंधरवड्यात निघाल्या. मग उधारी आली, मग साठा. वहीत मी ज्या गोष्टींवर पाच पाने लिहिली होती त्यातल्या निम्म्या मला लागतच नाहीत हे त्या वेळी कळले.

त्या वर्षाचा शेवट कापडवाल्यांच्या लक्षात असेल. 1 जानेवारी 2022 पासून कापडाचा जीएसटी पाचावरून बारा टक्के होणार अशी अधिसूचना निघाली होती. आम्ही नव्या दराची तयारी करून बसलो. आणि 31 डिसेंबरला, अगदी आदल्या दिवशी, जीएसटी परिषदेने ती वाढ पुढे ढकलली. माझ्या टीमने दर वेगळ्या तक्त्यात ठेवला होता. मुनीमजींनी चहा संपायच्या आत तो जुन्यावर आणला. सप्टेंबर 2025 मध्ये तयार कपड्यांची मर्यादा हजारावरून अडीच हजारांवर गेली आणि त्यावरच्या कपड्यांना अठरा टक्के लागले, तेव्हाही फक्त तक्ता बदलला. जाड वहीच्या काळात यातल्या प्रत्येक बदलाला नवे कोटेशन आले असते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही जाहिरात होईल. प्रॉडक्ट ओनर मी होतो. लग्नसराईत दोनदा मी दाखवण्याच्या बैठकीला गेलोच नाही, मुनीमजींना पाठवले. परत आलेल्या गणवेशांचा हिशेब कसा धरायचा हे त्यांनी त्यांच्या समजुतीने सांगितले, आणि दोन पंधरवड्यांचे काम पाडून पुन्हा करावे लागले. त्याचे पैसे मीच भरले. शेवटी एकूण रक्कम 2016 च्या ठोक रकमेपेक्षा जास्तच झाली. फरक इतकाच की हे सॉफ्टवेअर आज चालते आहे. स्क्रम मालकाचा वेळ खातो. ज्याला पंधरवड्यातून दोन तास देता येत नाहीत त्याने या वाटेला जाऊ नये.

एक्सपी: तुटला धागा, थांबला माग

तिसरे भावंड एक्सपी. त्याचा जन्मही मोटार कंपनीतच झाला. अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या कामगारांचा पगार काढण्याचे सॉफ्टवेअर बनवायला घेतले होते. काम अडले तेव्हा 1996 मध्ये केंट बेक यांना बोलावले. त्यांनी तेथे काही कडक सवयी लावल्या: दोन जणांनी एकाच संगणकावर बसून लिहायचे, लिहिण्याआधी त्याची तपासणी तयार करायची, दिवसातून अनेकदा सर्वांचे काम एकत्र जोडून पाहायचे, आणि गिऱ्हाइकाचा माणूस सोबत बसवायचा. 1997 मध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचा पगार त्या सॉफ्टवेअरवर निघू लागला. मात्र सर्वांचा पगार त्यावर येण्याआधीच, डेमलरने क्रायस्लर घेतल्यानंतर, 2000 मध्ये ते काम बंद पडले. पद्धत जगभर गेली आणि जिच्यावर ती शिकली गेली ती प्रणाली संपली. असो.

स्क्रम आणि एक्सपी यांत लोक गोंधळतात. स्क्रम सांगतो की काम कसे वाटायचे आणि कधी दाखवायचे. सॉफ्टवेअर लिहायचे कसे याबद्दल तो गप्प आहे. एक्सपी तेच सांगतो. भाचीच्या कंपनीत कोणी नवा भाग जोडला की संगणक आपोआप शेकडो तपासण्या चालवतो, आणि एक जरी नापास झाली तरी जोडणी अडते व सर्वांच्या पडद्यावर लाल खूण येते. साकिची टोयोडांचा मागच म्हणा ना, धागा तुटला की थांबणारा. स्क्रमच्या नावाखाली पंधरवड्याला घाईघाईने तुकडा दाखवायचा आणि आत तपासणी नाही, असा माल दहाव्या-बाराव्या खेपेला उसवू लागतो. एक शिवायला गेले की दुसरीकडे फाटते. म्हणून नुसते ‘आम्ही स्क्रम करतो’ एवढ्यावर समाधान मानू नये. आपोआप चालणाऱ्या तपासण्या दाखवा, असे मागावे. पार्टी दाखवू शकली नाही तर काय समजायचे ते समजावे.

दोघांनी एका संगणकावर बसणे मात्र आपल्या छोट्या मालकाला पटत नाही. दोन पगार, एक काम, असे त्याला वाटते. मलाही वाटले होते. भाची म्हणते की रोज नको, अवघड जागी आणि नवे माणूस आले की जरूर बसवावे. एवढी तडजोड मला मान्य आहे.

मोठ्या कंपन्यांत शेकडो लोकांच्या टीम असतात, त्यांच्यासाठी या पद्धतींवर आणखी मजले चढवलेले आहेत. त्यात सेफ नावाचा आराखडा जास्त चालतो. त्याचा नकाशा पाहून मला सरकारी कचेरीची आठवण झाली. छोट्या कारखानदाराला त्याची गरज नाही.

ब्रेकच्या जागी घाई नाही

येथे एक खुलासा. आपल्या पट्ट्यातली पुष्कळ मुले मोटारीच्या आतले सॉफ्टवेअर लिहितात: ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग. तेथे ‘आधी दाखवू, चुकले तर पुढच्या पंधरवड्यात सुधारू’ हे चालत नाही. मोटारीच्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक सुरक्षेसाठी आयएसओ 26262 हे मानक 2011 पासून आहे. त्यात प्रत्येक मागणी लेखी, आणि ती कोणत्या तपासणीने सिद्ध झाली याचा पुरावा लागतो. या कामाला व्ही-मॉडेल म्हणतात. इंग्रजी व्ही अक्षराच्या एका उताराने खाली जात मागणी बारीक करायची आणि दुसऱ्या चढाने तितक्याच पायऱ्या चढत तपासत वर यायचे. आत छोट्या टीम पंधरवड्याने काम करतात, पण बाहेरची चौकट व्हीचीच राहते. जाड वही सगळीकडे वाईट नसते. जेथे चुकीची किंमत माणसाचा जीव आहे तेथे वही हवीच. माझ्या दुकानातल्या बिलाला ती किंमत नव्हती.

मोठ्यांचेही चुकते. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगन समूहाने 2020 मध्ये सॉफ्टवेअरसाठी कारिआद ही वेगळी शाखा केली. तिच्या कामातील विलंबामुळे विजेवरच्या पोर्शे मकानसारख्या गाड्या लांबल्या, 2022 मध्ये समूहाचे प्रमुख हर्बर्ट डीस पायउतार झाले त्यामागेही या अडचणी होत्या, आणि 2024 मध्ये समूहाने सॉफ्टवेअरसाठी अमेरिकेच्या रिव्हियनशी भागीदारी जाहीर केली. पद्धतींची माहिती आणि पैसा तेथे कमी नव्हता.

याउलट एक जुनी घरची गोष्ट. डिसेंबर 1998 मध्ये टेल्कोने पिंपरीत बनलेली इंडिका बाजारात आणली. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, 2000-01 मध्ये कंपनीला सुमारे 500 कोटींचा तोटा झाला. पण कंपनीने तक्रारी गोळा करून गाडी सुधारली आणि 2001 मध्ये इंडिका व्ही-टू आली, ती चालली. मोटारीला यासाठी दोन-अडीच वर्षे लागली, कारण साचे बदलावे लागतात. सॉफ्टवेअरला साचे नाहीत, म्हणूनच तेथे पंधरवड्याची भाषा शक्य होते.

भोसरीचा करार

आता दोस्ताच्या दोन कोटेशनांकडे येऊ. त्यांना मी विचारले की बारकोडच्या चिठ्ठीचा नमुना कंपनी बदलते का? ते म्हणाले, गेल्या दोन वर्षांत दोनदा बदलला, आणि दुसऱ्या एका कंपनीचा नमुना वेगळाच आहे. म्हणजे आठ महिन्यांचे ठोक कोटेशन बाद. दुसऱ्यात अ‍ॅजाइल होते, पण शेवट नव्हता आणि दरमहा पैसे काम होवो न होवो द्यायचे होते. तेही जसेच्या तसे घेण्यासारखे नव्हते.

त्यांनी दुसऱ्या पार्टीला बोलावले. मीही बसलो, भाचीला फोनवर घेतले. पार्टीचा मुलगा समंजस होता. तो म्हणाला, “काका, ठोक रक्कम मी देऊ शकत नाही, पण एवढे करू शकतो.” मग तासाभरात कागद तयार झाला. दोन आठवड्यांचा एक तुकडा, प्रत्येक तुकड्याची रक्कम ठरलेली, तुकडा भोसरीतल्या खऱ्या पेटीवर, खऱ्या स्कॅनरने चालला तरच ‘झाला’ मानायचा आणि मग पैसे. पसंत न पडल्यास कोणत्याही तुकड्यानंतर थांबण्याची मुभा दोघांनाही. लिहिलेला प्रोग्रॅम आणि माहिती कारखान्याच्या मालकीची, दर पंधरवड्याला तिची प्रत कारखान्याच्या खात्यावर. आपोआप तपासण्या सोबत. एकूण खर्चाची वरची मर्यादा, आणि तिच्याजवळ पोहोचण्याच्या दोन तुकडे आधी लेखी सूचना. सहा तुकड्यांनंतर नवे काम थांबवून दुरुस्तीचे काम चिठ्ठ्यांच्या भिंतीवर, कानबानने, दरमहा ठरलेल्या तासांत.

एका कलमावर दोस्त अडले. मालकाने स्वतः दर दुसऱ्या शुक्रवारी चार वाजता हजर राहायचे, सुपरवायझर चालणार नाही, असे पार्टीने लिहिले होते. शुक्रवारी चारला त्यांचा माल चाकणला निघतो. बरीच घासाघीस होऊन बुधवार सकाळ ठरली. पहिला तुकडा फक्त एका कंपनीच्या, एका पार्टच्या चिठ्ठीचा आहे, बाकी काही नाही. त्याची तपासणी येत्या बुधवारी आहे आणि दोस्तांनी मलाही बोलावले आहे.